आमचं गाव परदेश होतं तेव्हा

त्यांनी आधी स्टेशनाची पाटी झाकली.
सावदा हे नाव तीन लिप्यांतून पुसून
कुठल्याच देशाची नसलेली अक्षरं वर रंगवली,
आणि आम्ही परदेश झालो.

अमेरिकेतून एक बाप येणार होता
पोरीच्या खुनाचा सूड घ्यायला.
गोष्ट एवढीच. बाकी आम्ही मरायचं होतं,
रोज सातशे रुपये, वर जेवण.

कपडेवाल्या बाईनं माझा सदरा बोटांत धरला,
केळीच्या चिकाचे डाग पाहून खूश झाली.
जुनं रक्त असंच दिसतं म्हणे, हाच ठेवा.
तिला कसं सांगणार,
चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
काळा पडतो नंतर,
घरी गेल्यावर, दोरीवर.

नऊ वर्षांपूर्वी एका रात्रीत
सुपडू फेगड्यानं माझी निसवलेली बाग आडवी केली,
बाराशे खोडं.
कारण बांध. खरं तर बांधही नाही,
बांधावरचा निंब.
बुंधे राहू दिले असते तर पिलबाग धरली असती.
मीच उपटले.
मला बाग नको होती,
रिकामं वावर हवं होतं, रोज बघायला.
विळा किलचनात खोचला,
दर पोळ्याला काढून धार लावली.

आणि दिग्दर्शकानं, ज्याला काहीच माहीत नव्हतं,
बोट दाखवलं :
हा मेलेला. तू याचा भाऊ.

बारा वेळा सुपडू गोळी लागून पडला,
बारा वेळा मी त्याला मालधक्क्यावरून उचलला.
त्याचं डोकं माझ्या खांद्यावर,
तंबाखूचा वास,
आणि छातीत धडधड, मेलेल्याला न शोभणारी.
चौथ्या टेकला त्यानं आपणहून अंग सैल सोडलं.
नवव्याला ग्लिसरीन संपलं, माणूस भुसावळला धाडला,
तो येईस्तोवर लागलंच नाही.
दुभाष्या पोरगा म्हणाला, साहेब विचारतायत,
कुणाला आठवून रडलास?
मी म्हटलं, ऊन होतं.

परतीच्या टेंपोत जागा एकच, माझ्या शेजारची.
तो बसला. एक पाय अनवाणी.
फैजपूरच्या अलीकडे खड्डा आला, तेव्हा बोलला,
नऊ वर्षांतलं पहिलं :
“जड लागलो का रे तुले?”
“मेलेला जडच राह्यतो.”
हसला की नाही, कळलं नाही.
अंधार होता, आणि मी समोर बघत होतो.

पिक्चर आला. पोरानं मोबाइलवर लावून दिला.
बापाचा सूड एक तास पन्नास मिनिटांत पुरा,
मग तो विमानात बसून ढग बघतो.
आमचं रडणं कुठेच नाही. कापलं, पोरगा म्हणाला.
मागे घेऊन घेऊन पाहिलं.
एका कोपऱ्यात, धुरामागे,
कुणाच्या तरी खांद्यावरून दोन पाय लोंबतायत,
चप्पल एकाच पायात.

दुसरी मी उचलली होती.
का, ते तेव्हाही ठाऊक नव्हतं.
किलचनात आहे, विळ्याला लागून.
अंगठा तुटलाय तिचा.
शिवून मग नेऊन द्यावी म्हणतो.