कुत्रीला सांगितलेलं

फेरो बेटांवर माझे दोन मामा
एकाच चुलीवरचं जेवतात.
अठरा वर्षं एकमेकांशी अवाक्षर नाही.
कारण? आई म्हणते, मेंढीच्या कानावरची खूण.
ती मेंढी केव्हाच खाऊन झाली, कानासकट.

बोलायचं ते कुत्रीला.
"टेर्ना, सांग त्याला, होडी गळतेय."
"टेर्ना, त्याला म्हणावं, गळू दे."
लेकी बोले, सुने लागे,
पण या घरात ना लेक, ना सून,
एक म्हातारी कुत्री, दोन्ही बाजूंनी ऐकून
कान पाडून बसलेली.

शिवी मी कधी ऐकली नाही.
दान्याल मामा पाव कापतो तेव्हा सुरी फळीत रुतते.
होग्नी मामा दार इतकं हळू लावतो
की मलाच दचकायला होतं.

फेब्रुवारीत टेर्ना गेली.
एकानं पहार घेतली, एकानं फावडं.
खड्डा गरजेपेक्षा खोल झाला,
थांब कोण म्हणणार?
मग तीन आठवडे घरात नुसता वारा.

परवा गेले तर टेबलाखाली पिल्लू.
कुणी आणलं, दोघंही सांगेनात.
दान्याल मामा खाली वाकून म्हणाला,
"त्याला सांग, सूप निवतंय."
पिल्लानं बुटाची नाडी चावली.
होग्नी मामानं चमचा उचलला.