रकाना सातवा

फॉर्मवरचा सातवा रकाना : काठिण्य पातळी.
सोपी / मध्यम / कठीण.
लागू नसेल ते खोडा.

येऊरच्या आमच्या कचेरीत पंखा तीनवर ठेवला
की कागद उडतात, म्हणून एकावर.
टेबलावर पाच वाटांची नावं,
जीपीएसवाल्या पोरांनी मोजून दिलेली लांबी, चढ मीटरमध्ये,
आणि मी, वरिष्ठ लिपिक, वनखात्यात सव्वीस वर्षं
नि वनात फक्त वनभोजनापुरती.

"घाटाळ, उंबरपाण्याची वाट कशी आहे?"
जानू घाटाळ खुर्ची दिली तरी दारातच उकिडवा बसतो.
म्हणाला, "कवा?"
कवा म्हणजे?
"फागणात सागाची पानं पडत्यात, पाय ठेवला का घसारा.
श्रावणात ती वाट नाय, वहाळ हाय.
आन् मॅडम, चढाचं इचारता का उताराचं?
चढाला दम बोलतो. उताराला गुडघे."

मी लिहिलं : मध्यम.
बरा शब्द आहे. त्यावरून कोणी भांडत नाही,
ऑडिटवालेसुद्धा.

मग चैत्रात माझा इको काढला.
कापूरबावडीच्या लॅबमधून पाकीट आलं,
झडपेतून गळती, प्रमाण मध्यम.
डॉक्टर वर्तकांना विचारलं, मध्यम म्हणजे नेमकं किती?
त्यांनी पंजा हवेत आडवा धरला,
नांगरलेल्या होडीसारखा जरा हलवला.
"सौम्य नाही. तीव्रही नाही."
जिना चढू?
"चढा."
डोंगर?
"बघा."
रिक्षात बसल्यावर लक्षात आलं,
हा माणूस माझ्याच खात्यातला.

वैशाखात एका रविवारी, सकाळी सहाला,
घरी देवळात जाते म्हणून सांगितलं
आणि घाटाळला घेऊन उंबरपाण्याला निघाले.
पर्समध्ये गोळ्या, ग्लुकोजचा पुडा,
का कोण जाणे, फॉर्मची झेरॉक्सही.

लांबी दोन किलोमीटर तीनशे. खोटी नाही.
पण त्यातले आठशे मीटर सावलीतले, ते लवकर संपतात,
आणि शेवटचे दीडशे कुठल्या पट्टीने मोजले
ते त्या पोरांना एकदा विचारायचंय.
करवंदीच्या जाळीपाशी छातीत कबुतर फडफडलं.
थांबले.
घाटाळ थांबला. विचारलं नाही काही.
पाठ करून पलीकडच्या पळसाकडे बघत राहिला,
जणू पळस मोजायचं काम त्याला दिलंय.

मग म्हणाला, "फुडं दगड हाय. बसायचा."

बसायचा दगड! गुळगुळीत, मधोमध खोलगट,
मोळीवाल्या बायांनी बसून बसून घडवलेला,
पाठीमागे मोळी टेकवायला बरोब्बर तेवढ्याच उंचीचा बांध.
असे तीन आहेत वाटेवर.
पहिला म्हातारीचा.
दुसरा पोटुशीचा.
तिसऱ्याचं नाव सांगताना घाटाळ लाजला, सांगितलंच नाही.
तिसऱ्यावरून खाडी दिसते, पारसिकचा डोंगर,
आणि अलीकडे त्या पांढऱ्या दाटीत कुठेतरी आमची सोसायटी,
जिथे दुसऱ्या मजल्यावर मी लिफ्टने जाते.

सोमवारी रकान्यातलं मध्यम तसंच ठेवलं.
शेऱ्यात लिहिलं :
फाल्गुनात निसरडी. पावसात जाऊ नये.
उतरताना काठी असावी.
बसायला दगड तीन.
साहेब म्हणाले, "मॅडम, शेरा फलकावर जात नसतो.
मंजुरी तीन शब्दांची आहे, त्यातला एक."
खोडलं त्यांनी, पट्टी लावून, सरळ रेघेत.

फलक रंगवायला कळव्याचे मोमीन पेंटर आले होते.
चहा देताना मी एवढंच विचारलं,
पांढरा रंग उरतो का हो कधी?

काल जाऊन पाहून आले.
हिरव्या पत्र्यावर हातभर अक्षरात : मध्यम.
आणि अगदी खाली, खांबाशी, जवळजवळ गवतात,
बसायला दगड तीन.
वाचायचं तर वाकावं लागतं.
वाकलं की जरा दम लागतो.