चांगली झोप

पहिल्या वर्षी मी तुझ्यावर चिडायचे, अबिलियो.
दिवा मालवला की सुरू व्हायची
तुझ्या छातीतली ती नवी झडप,
टिक, टिक, जणू पलंगाखाली बसून कुणी
नखांनी मसूर निवडतंय.
तोंड उघडं ठेवलंस की जास्त वाजतं, मी म्हणायचे.
तू मुद्दाम आ करायचास.

नर्सने कागद दिला होता: रक्ताचा आकडा
अडीचच्या खाली नको, साडेतीनच्या वर नको.
वर गेला तेव्हा दाढी करताना लागलेलं
दुपारपर्यंत थांबलं नाही,
कॉन्सर्टिनाचा पट्टा रुतला तिथे खांद्यावर
अंजिराएवढा डाग, आधी जांभळा, मग पिवळा.
खाली जाऊ नये म्हणून मी
कुंपणाकडची कोबी मुळासकट उपटली,
माणसाच्या उंचीची, सासूबाईंच्या बियाण्याची.
हिरवं सूप बंद.
तू काही बोलला नाहीस.
गिल्येर्मिनाच्या खानावळीत मात्र
तुला वाडगाभर मिळत होतं,
कधी रोज, कधी आठवडाभर नाही,
हे अख्ख्या गावाला माहीत, मला सोडून.

नोव्हेंबरात, संत मार्तिन्यूच्या सणाआधी,
मला गाढ झोप लागली.
किती महिन्यांनी.
पहाटे उठले, चुलीत लाकूड सारलं,
चेस्टनटना चिरा पाडता पाडता
गुणगुणलेसुद्धा.
मग सुरी तशीच हातात राहिली.

काळजाचा ठोका चुकला म्हणतात ना,
माझा चुकला, कारण तुझा ऐकू येत नव्हता.
छातीला कान लावला:
आत कुणीतरी लोकरी मोजे घालून चालत होतं.
तू म्हणालास, चार दिवस झाले,
जिना चढताना दम लागतो, वय झालं.
आणि कप घ्यायला हात पुढे केलास,
तर कप घेतलाच गेला नाही.

ब्रागाच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
गुठळी झडपेवर बसली होती,
तिचा एक तुकडा वर, मेंदूत गेला.
"आवाज मंद झालेला कधी लक्षात आला?"
आज सकाळी, मी म्हणाले.
झोप किती चांगली लागली
ते त्यांनी विचारलं नाही.

आता पुन्हा वाजतं, स्पष्ट.
उजव्या हाताची दोन बोटं तेवढी परतली नाहीत.
लोकांच्या दुरुस्तीच्या कॉन्सर्टिना फळीवर तशाच.
एखाद्या संध्याकाळी तू भाता ओढतोस,
बटणं मी दाबते, चुकीची.
कोबी पुन्हा लावली आहे. नर्स म्हणते,
बंद नको, रोज सारखी असू दे.
म्हणून दोन पानं. मोठी असली तर दीड.

रात्री तू लवकर झोपतोस, भिंतीकडे वळून.
आ कर, मी म्हणते.
जरा आ कर ना.