घसारा

शंभराचे साठ.
साठाचे छत्तीस.
छत्तिसाचे एकवीस, वर साठ पैसे.
दरवर्षी मार्च सरता सरता मी हे लिहितो
गुरुलिंगअप्पांच्या दालमिलच्या वहीत.
वही आता कम्प्युटरात आहे, पण मी वहीच म्हणतो.
घसाऱ्याचं एक बरं असतं,
वस्तू कितीही घसरली तरी शून्याला टेकत नाही.

गाडी आली तेव्हा औसा रोडवरचे चार डॉक्टर बघायला आले.
पांढरीफेक. दाराला मुठी नाहीत,
जवळ गेलं की आतून बाहेर येतात
गोगलगायीच्या शिंगांसारख्या.
जो तो वाकून म्हणाला, “आवाजच नाही की वो हिचा!”
अप्पा नुसते हसले.
चाळीस वर्षं तूर भरडून
त्यांचे दोन्ही कान कधीच गेले होते.
शांतता त्यांच्याकडे फुकट होती,
तिच्यासाठी त्यांनी एक कोटी सोळा लाख मोजले.

डिझेल वाचलं,
ते मी पहिल्या वर्षी हिरव्या अक्षरांत दाखवलं.
मग मीटरचा भार वाढवून घ्यावा लागला,
गाडी पळो की उभी राहो, बिलात स्थिर आकार आहेच.
मग टायर. अडीच टन अंग आणि आमचे रस्ते,
अठरा हजार किलोमीटरला चारही गुळगुळीत.
लातुरात मिळेनात, पुण्याहून मागवले.
मगदूम ड्रायव्हर बिल बघून म्हणाला,
“एवढ्यात माझी जुनी जीप आली असती, टायरांसकट.”
टँकरच्या पाण्याला वेगळं खातं उघडलं.
नळ आठव्या दिवशी,
काळ्या मातीची धूळ रोज.

रेणापूरजवळ एका गतिरोधकानं पोट घासलं.
एवढंसं. नखभर.
दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून ती पुण्याला गेली
आणि तिथल्या पोरानं फोनवर बॅटरीचा आकडा सांगितला.
मी लिहिला. पुन्हा विचारला. शून्यं मोजली.
त्यात माझं घर आलं असतं, वरच्या मजल्यासकट.
“काय म्हणायलाय?” अप्पा.
“अठरा लाख!” मी ओरडलो.
तूर निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले.
अख्ख्या मिलला कळलं.
“अठरा हजार ना,” अप्पा म्हणाले, “देऊन टाक की.”

उंदरांचं सांगायचं राहिलं.
आमच्या गोदामातले उंदीर, पिढ्यान् पिढ्या तुरीवर पोसलेले,
ट्रकच्या वायरीला त्यांनी कधी तोंड लावलं नाही.
हिची वायर गोड लागली.
वॉरंटीत उंदीर बसत नाहीत.
मगदूमनं घरून मांजर आणलं.
तिचं दूध, रोज पाव लिटर, कुठं टाकावं?
दुरुस्ती? पगार?
दोन दिवस विचार करून मी ते विम्यात टाकलं.

यंदा सातवं वर्ष.
सोलापूरचा एक दलाल येऊन गाडीभोवती फिरून गेला,
ट्रकभर तुरीचा भाव बोलला.
भिजलेल्या तुरीचा.

त्याच आठवड्यात सुप्रभाताईंनी वडिलांना कानाचं यंत्र बसवलं.
अठ्ठावीस हजार, मी निमूट लिहिले.
संध्याकाळी अप्पा गाडीत बसले,
पाच नंबर चौक ओलांडला तोच दचकून म्हणाले,
“मगदूम, हे घर्रर्र काय वाजायलंय?
बिघडली का परत?”
“गाडी नाही, अप्पा. मागं मांजर झोपलंय.”

मगदूम सांगतो,
अप्पा पुढं काही बोलले नाहीत.
एसी बंद करायला लावला, नीट ऐकू यावं म्हणून,
आणि भर एप्रिलात
औशापर्यंत घाम पुसत गेले.

शंभराचे आता दोन रुपये ऐंशी पैसे उरलेत.
दूध परवापासून दोन रुपयांनी वाढलंय.