वीस मिनिटं

सकाळी सहाला धक्क्यावर माझी गाडी तिसरी.
पुढे मेंढ्यांच्या खाद्याचा ट्रक, त्याच्यापुढे पोस्टवाला.
बोट तोंड उघडते, आम्ही एकेक आत सरकतो.
हँडब्रेक. इंजिन बंद.
क्लाक्सविकहून काल्सोय बेट : वीस मिनिटं.
प्रभू, ही तुझी.

म्हणजे असं मी जानेवारीत ठरवलं होतं.

घरात तुला जागा उरली नाही, खोटं कशाला बोलू.
होग्नी तीन आठवडे समुद्रावर, एक आठवडा घरी,
आणि घरी असला की घरभर असतो.
ब्रांडुरचे चिखलाचे बूट, हीटरवर वाळणारे हातमोजे,
रात्री अकराला आठवलेला शाळेचा डबा.
आणि तुझीच कामं किती, तेही बघ :
सोमवारी गायनाची तालीम, बुधवारी मुलांचा वर्ग,
शुक्रवारी मंडळीच्या कॉफीसाठी वॉफलचं पीठ,
छपराच्या निधीला एक स्वेटर
(बाही अजून एकच झालीय).
रविवारी ऑर्गनवर बसते
तेव्हा पाठ सगळ्यांकडे,
लक्ष पुढच्या स्तोत्राच्या पानाकडे.
तुझ्या घरी मी इतक्यांदा येते,
पण मागच्या दाराने, हातात काहीतरी झाकून घेऊन,
आणि तशीच स्वयंपाकघरात.
तू बाहेरच्या खोलीत बसला असशील
असं भांडी विसळताना वाटत राहतं.

म्हणून ही वीस मिनिटं.
पहिल्या दिवशी यादी करून आणली,
कुणाकुणासाठी काय मागायचं त्याची.
निम्म्यावर असताना पलीकडचा धक्का आला.
दुसऱ्या दिवशी वारा असा, की नुसतं स्टिअरिंग धरून बसले.
तिसऱ्या दिवशी मालानआजींची साखर वाढल्याचा फोन,
चौथ्या दिवशी पोस्टवाला काचेवर टकटक करून म्हणाला,
एकटीच काय बसलीस, वर ये, कॉफी आहे.
गेले. काय करू?

मग एकदा काहीच आणलं नाही.
आदली रात्र म्हाताऱ्या याकुपच्या उशाशी गेली होती.
पहाटे तीनला त्याचा श्वास थांबला
तेव्हा त्याची मुलगी कोपनहेगनहून फोनवर होती,
आणि फोन माझ्या हातात.
बोटीत सीट मागे पाडली, कोट अंगावर ओढला.
'हे पित्या' एवढं म्हटलं,
आणि डोळा लागला.

खलाशाने उठवलं. पोचून झालं होतं.
माझ्यामागच्या गाड्या थांबल्या होत्या,
हॉर्न न वाजवता.
इथे कोणी वाजवत नाही,
सगळ्यांना माहीत असतं कोण कुठून आलंय.
मला मात्र दिवसभर बोचत राहिलं :
दिली ती वीस मिनिटं, तीही घोरत.

डबीत गोळ्या भरताना मालानआजींना सांगितलं.
नव्वदीच्या त्या, दात पेल्यात, डोळे खिडकीबाहेर.
म्हणाल्या, "अगं, तोही झोपला होताच की बोटीत.
वादळात. उशी घेऊन.
लोकांनी बोंब मारली म्हणून उठला."

मला हसू फुटलं, आकडा चुकला,
मंगळवारच्या गोळ्या पुन्हा मोजाव्या लागल्या.

त्यानंतर सगळं बदललं, असं नाही.
स्वेटरला अजून एकच बाही आहे.
यादीही कधीकधी आणते, सवयीने.

पण परवा बोट मध्यावर आली तेव्हा
पाणी काळं होतं, कड्यावर मेंढ्यांचे ठिपके,
वायपर काचेवर अर्ध्यात थांबलेला,
इंजिनाची थरथर सीटमधून पाठीत चढत होती.
काही मागितलं नाही. आभारही मानले नाहीत.
बाजूच्या सीटवर औषधांची पिशवी होती,
ती उचलून मागे ठेवली.
वरचे वाळके तुकडे हाताने झटकले.

'पट्टा लाव' असं
अगदी ओठांवर आलं होतं.