मुंग्यांच्या पावलांनी

आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात.
आमच्याकडे मुंग्यांच्याच पावलांनी आला:
मागच्या दारी, न्हाणीच्या मोरीशी
रोज पहाटे एक काळी रांग,
आणि आई तिच्यावर पाणी ओतत राहिली
कुणाला काही न विचारता.

बाबा एकतीस वर्षं साखर कारखान्यात,
क्लातेनजवळच्या, डचांनी बांधलेल्या भिंतींआड,
उकळत्या रसाच्या कढईपाशी.
डॉक्टर म्हणाला, साखर चढली आहे.
बाबा हसले: "तिचीच तर नोकरी केली मी."

जखम झाली तेव्हा ती त्यांना कळलीच नाही.
मोटारसायकलचा तापलेला सायलेन्सर
घोट्याला टेकलेला, आणि बाबा
शेजारच्या न्गातिमानशी बोलतच होते,
कोंबड्यांबद्दल, तांदळाच्या भावाबद्दल.
कातडीचा वास आधी न्गातिमानला आला.

मग कॉफीची पूड दाबली. सगळेच दाबतात.
मग कुणाच्या तरी मामाचं तेल,
बाटलीवर नाव नाही, किंमत मात्र मामाला तोंडपाठ.
एक महिना. दोन. चार.
जखम वाढेना, मिटेना,
लांबच्या पाहुण्यासारखी
पाय पसरून बसून राहिली.

जामूवाली म्बोक जुमिरा,
पाठीवर बाटल्यांची टोपली, हळदीनं पिवळी बोटं,
कुंपणाकडे मान उडवून म्हणाली,
"औषध दारात, आणि तुम्ही गावभर."
बिनाहोंग.
जाड, बुळबुळीत पानांचा वेल.
आमची शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नसे.

परिचारिका रेत्नानिंग मंगळवारी-शुक्रवारी यायची.
वाटलं, पानं पाहून ओरडेल.
तिनं एक पान उलटंपालटं केलं.
"माझी आजीही लावायची," म्हणाली,
"पण आजीकडे साखर मोजायचं यंत्र नव्हतं.
मला विचारल्याशिवाय उघड्या जखमेवर काही थापायचं नाही.
आणि सुई चुकवायची नाही.
पान काही चहातल्या साखरेशी भांडायला जात नाही.
कड काळी पडली, वास आला, ताप चढला,
तर पान नको, माझी वाटही बघू नका,
थेट इस्पितळ."

पारदर्शक कागद जखमेवर धरून
ती पेननं कड काढायची, खाली तारीख.
मी ते कागद खिडकीत एकावर एक लावले:
बेटाच्या आत बेट, त्याच्या आत आणखी एक.
बेटांच्याच देशात वाढले मी,
पण समुद्र चढावा
असं पहिल्यांदाच वाटलं.

लेबारानच्या आठवड्यात
अननसाच्या बिस्किटांचा डबा अर्धा झाला.
त्या शुक्रवारचं बेट पुन्हा मोठं.
कुणी विचारलं नाही.
संध्याकाळी बाबांनीच डब्याला चिकटपट्टी गुंडाळली,
सात वेढे,
आणि न्गातिमानच्या नातवंडांकडे पाठवून दिला.

आता मोरीपाशी रांग नसते.
म्बोक जुमिरा वेलाकडे बोट दाखवते,
रेत्नानिंग सुईकडे आणि फिक्या चहाकडे.
आई कुणाचीच बाजू घेत नाही,
पहाटे उठून कोरडी मोरी बघून येते
आणि परत निजते.

जखम उरली आहे तांदळाच्या दाण्याएवढी.
पाय अजूनही मुका:
रेत्नानिंगनं टोचून पाहिलं, अंगठा, टाच, तळवा,
बाबा छताकडे बघत "नाही, नाही" म्हणत राहिले.

काल मात्र ती चिमटा घेऊन वाकली
आणि बाबा कळवळले, "आई गं, दुखतंय!"
आईच्या हातून ताट सुटलं.
ती हसली, मग पदरात तोंड घालून रडली,
पाच महिने साठवलेलं सगळं.
न्गातिमान कुंपणावरून ओरडला, काय झालं, काय झालं.
"दुखतंय त्यांना!" आई ओरडली,
बारशाची बातमी द्यावी तशी.

मी तेव्हा दिवा धरून उभी होते.
चिमटा अजून
बोटभर दूर होता.