दोनशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर

गाडी इवलीशी, लाल, दुसऱ्याच्या हातून आलेली,
पण टर्बोनं श्वास भरला की
आसूदच्या चढावर मोठमोठ्यांना मागे टाकते.
वेग मी आधीच विकत घेतला होता.
थांबणं राहिलं होतं.

कुंभार्लीच्या उतारावर, कितव्या वळणाला आठवत नाही,
पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली गेलं
आणि काचेतून आत आला तो वास,
जळक्या केसांचा, जळक्या हिंगाचा, काय म्हणावं त्याला.
समोर टेम्पो. टेम्पोत आंब्याच्या रिकाम्या पेट्या.
पेट्यांवर बसलेला पोरगा माझ्याकडे बघून हसत होता.
हँडब्रेक, दुसरा गिअर, पहिला गिअर.
तो हसतच होता.

मग महिनाभर दुसरं काही नाही.
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला
लाद्या गोठेपर्यंत काम नसतं,
मी डिस्कचे व्यास पाठ करत बसलो:
दोनशे छप्पन्न, दोनशे अठ्ठ्याऐंशी, तीनशे बारा.
चार पिस्टनचे कॅलिपर,
अलॉयच्या काड्यांमधून दिसणारे, लालभडक.
खरं सांगू? निम्मं मन त्या रंगावरच होतं.

बाबा म्हणाले, "होडीला कुठं असतो ब्रेक?"
चाळीस वर्षं तांडेल.
जेटीच्या किती वाव अलीकडे इंजिन तोडायचं
हे त्यांना भरतीवरून कळतं, वाऱ्यावरून,
खणातल्या मासळीच्या वजनावरून.
माझ्या शेजारी बसले की मात्र
उजवा पाय घट्ट दाबलेला,
जिथे काहीच नाही तिथे.
रबरी मॅटला खळगा पडलाय.

चिपळूणला, बहादूरशेख नाक्यामागे, इब्राहीम मुकादम.
चाक काढलं, डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला,
तांबूस भुकटी दाखवली.
"गंज की जांभ्याची धूळ, तूच ठरव. हर्णैचा ना?"
मी तीनशे बारा म्हणालो.
त्यांनी बशी खाली ठेवली.
"तीनशे बाराला सतराचं चाक लागंल.
सतराला पातळ टायर. पातळ टायरला आपले खड्डे.
मग सस्पेन्शन. मग बापाची होडी वीक."

जुनं ब्रेक ऑइल त्यांनी काचेच्या बाटलीत उतरवलं.
कोरा चहा, शिळा.
"हे हवेतलं पाणी पितं. आणि तुमच्याकडं हवा म्हणजे निम्मी खाडी.
तापलं की पाण्याची वाफ,
तू दाबतोस ती वाफ दाबली जाते, गाडी धावतेच.
तुझा ब्रेक लहान नाय रे. प्यालेला हाय."

शेवटी ठरलं ते असं:
दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या डिस्क, पंधराच्या चाकात मावणाऱ्या,
कॅलिपर थोरल्या भावंडाच्या गाडीचे, कोल्हापूरहून जुन्या बाजारातले,
पॅड घाटाला पुरतील पण थंडीत किंचाळणार नाहीत असे,
स्टीलच्या जाळीचे होज, नवं ऑइल,
आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा बदलायचं वचन.
रंगाचा डबा मी वेगळा घेतला. मुकादमांना न दाखवता.

पॅड डिस्कवर बसवायला रस्ता मोकळा लागतो.
पहाटे, दापोलीच्या माळावर,
ऐंशीवरून वीस, ऐंशीवरून वीस, दहा वेळा,
मधे गाडी थांबवायची नाही.
बाबा शेजारी. टोपल्या मोजाव्यात तसे मोजत होते.
सातव्याला त्यांनी पाय वर घेतला.
आठव्याला परत ठेवला.

रात्रभर खारा वारा. सकाळी डिस्क पुन्हा तांबूस,
पहिल्या दाबाला खर्र,
दुसऱ्याला स्वच्छ.

कॅलिपर अजून काळेच आहेत.
डबा बाबांच्या हाती लागला,
आता आठशे अंशांपर्यंत टिकणाऱ्या लाल रंगात
होडीच्या नाळेवर लिहिलंय: हेमलता.